मोठे टायर घालायचे की कंपनीचेच ठेवायचे? फोर बाय फोर गाडीवाल्यांसाठी पूर्ण हिशेब

पावसाळा तोंडावर आला की सीमाभागातल्या टायरच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "थारला जरा मोठे टायर बसतील काय हो?" थारच्या जागी कधी जिम्नी असते, कधी गुरखा, कधी व्ही-क्रॉस नाहीतर हायलक्स. प्रश्न तोच असतो. उत्तर मात्र विचाराल त्याच्यावर अवलंबून. दुकानदार म्हणतो बसतात, मित्र म्हणतो घालूनच टाक, शोरूमवाला म्हणतो वॉरंटी जाईल, आणि आरटीओचं नाव निघालं की सगळेच गप्प.

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत साखळीला उतरणारा, रामनगरवरून अनमोड घाटाने मोलेला जाणारा, किंवा आंबोलीवरून सावंतवाडी गाठणारा माणूस एकाच दिवसात डांबर, खड्डे, लाल चिखल आणि धुकं सगळं बघतो. त्यातच त्याची गाडी दोन-तीन राज्यांच्या हद्दीतून जाते. टायर हा गाडीचा रस्त्याला टेकणारा एकमेव भाग, आणि एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढाच असतो. त्यामुळे हा निर्णय दिसण्यावर सोडू नये. पाच टायरचा खर्च करण्याआधी काय मिळतं, काय जातं आणि कायदा काय म्हणतो, ते इथे एकत्र दिलं आहे.

आधी टायरवरचे आकडे वाचायला शिका

उदाहरण म्हणून २०२० मध्ये आलेली तीन दारांची थार घेऊ. तिच्या वरच्या एलएक्स प्रकाराला कंपनीने २५५/६५ आर १८ हे माप दिलं. खालच्या एएक्स प्रकाराला लोखंडी रिमवर २४५/७५ आर १६ दिलं.

२५५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १८ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत.

टायरची एकूण उंची काढायची तर बाजूची भिंत दोनदा धरायची, वर आणि खाली, आणि त्यात रिम मिळवायचा. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. या हिशेबाने काही नेहमीची मापं अशी येतात :

- २४५/७५ आर १६ : सुमारे ७७४ मिमी
- २५५/६५ आर १८ : सुमारे ७८९ मिमी
- २६५/७५ आर १६ : सुमारे ८०४ मिमी
- २५५/७० आर १८ : सुमारे ८१४ मिमी
- २८५/६५ आर १८ : सुमारे ८२८ मिमी
- २८५/७५ आर १६ : सुमारे ८३४ मिमी

हे कागदावरचं माप. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात थोडे कमी-जास्त निघतात. त्यामुळे घेताना टेप लावून बघितलेलं बरं.

यात एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. रिम मोठा म्हणजे टायर मोठा, असं नाही. टोयोटा हायलक्सला भारतात एका प्रकारात २६५/६५ आर १७ आणि वरच्या प्रकारात २६५/६० आर १८ असे टायर येतात. हिशेब केला तर दोन्हींची उंची ७७५-७७६ मिमीच भरते. म्हणजे रिम एक इंचाने वाढला, पण टायरची भिंत तेवढीच कमी झाली. खडकाळ वाटेवर जाणाऱ्याला खरं तर भिंत जास्त असलेला टायर हवा, कारण दगडाचा मार तीच सोसते आणि हवा कमी करायला तिथेच जागा मिळते. शहरात मोठे रिम भारी दिसतात. शेताच्या बांधावर तेच रिम वाकतात.

मोठ्या टायरने नक्की काय मिळतं?

पहिला फायदा जमिनीपासूनची उंची. यात चार पाट्यांचे शॉकअप किंवा स्प्रिंगचे किट कामाला येत नाही. त्या किटने बॉडी उचलली जाते, पण मागच्या अॅक्सलचा मधला गोळा, म्हणजे डिफरन्शियल, होता तिथेच राहतो. तो उचलायचा तर टायरची उंचीच वाढवावी लागते.

पण किती? टायरची उंची जेवढी वाढते त्याच्या निम्मीच गाडी वर येते, कारण उरलेलं निम्मं अॅक्सलच्या वरच्या बाजूला जातं. २५५/६५ आर १८ वरून २५५/७० आर १८ ला गेलात तर टायर सुमारे २५ मिमीने वाढतो आणि गाडी १२-१३ मिमीने उचलते. थारचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनी २२६ मिमी सांगते. तो २३८-२३९ होईल. म्हणजे अर्ध्या इंचाचा फरक. २४५/७५ आर १६ वरून थेट २८५/७५ आर १६ घातले तर ३० मिमी मिळतील, पण त्याची किंमत पुढे बघू.

दुसरा फायदा, मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं आणि दगडावर सोपं चढतं. तिसरा फायदा, टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, त्यामुळे वाळूत आणि भुसभुशीत मातीत गाडी कमी रुतते.

हे फायदे खरे आहेत. पण ते जिथे रस्ता नाही तिथे मिळतात. वर्षातले किती दिवस आपण तिथे असतो, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

आणि काय जातं?

*ताकद.* चाक मोठं झालं की इंजिनाला तेच काम जरा लांब दांड्याने करावं लागतं. ७७४ वरून ८३४ मिमीला गेलात तर उंची सुमारे पावणेआठ टक्क्यांनी वाढते, आणि त्याच गिअरमध्ये जमिनीला मिळणारा जोर सुमारे सात टक्क्यांनी कमी होतो. सपाट रस्त्यावर हे जाणवणार नाही. घाटात भरलेली गाडी दुसऱ्यावर चढत होती ती पहिला मागायला लागते, आणि क्लचचा वास येतो. दगडांवरून गोगलगाईसारखं उतरताना फोर-लो मध्ये गाडी आधीपेक्षा जरा जास्त वेगाने उतरते. म्हणजे ज्या कामासाठी टायर घातले, त्याच कामात थोडं नुकसान होतं.

*ब्रेक.* ब्रेकची डिस्क आणि ड्रम होते तेच राहतात, चाक मात्र मोठं आणि जड होतं. त्याच दाबाला गाडी थांबवणारा जोर तेवढ्याच प्रमाणात घटतो. जड चाक थांबवायलाही जास्त कष्ट पडतात. घाट उतरताना ब्रेक तापण्याचा प्रश्न असतोच, त्यात ही भर. मोठे टायर घातल्यावर पहिले काही दिवस समोरच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवणं हा साधा शहाणपणा आहे.

*स्पीडोमीटर.* गाडी वेग मोजते ती चाकाच्या फेऱ्यांवरून. ७७४ मिमीचं चाक एका किलोमीटरला सुमारे ४११ फेरे घेतं, ८३४ मिमीचं सुमारे ३८२. गाडीला हे माहीत नसतं. त्यामुळे काटा ८० दाखवत असताना गाडी ८६ ने धावते आणि १०० दाखवताना जवळपास १०८ ने. स्पीडोमीटर मुळात खऱ्यापेक्षा किंचित जास्त वेग दाखवतील असेच सेट केलेले असतात, म्हणून तीन टक्क्यांपर्यंतचा फरक त्यात बहुतेक जिरतो. त्यापुढे मात्र महामार्गावरच्या कॅमेऱ्याचं चलन आलं तर "मीटरवर तर ८० च होता" हे कोणी ऐकणार नाही.

*अॅव्हरेज.* इथे दोन गोष्टींची गल्लत होते. किलोमीटरही कमी मोजले जातात. आधी मीटरवरून १२ चा अॅव्हरेज काढत असाल, तर पावणेआठ टक्के मोठ्या टायरवर डिझेल तेवढंच लागलं तरी हिशेब ११.१ चा येईल. हा नुसता मोजण्यातला फरक. त्यावर टायरचं वजन, रुंदी आणि जाड नक्षी यांमुळे खरोखरच जास्त डिझेल लागतं, ते वेगळं. सर्व्हिसिंगचंही तसंच. मीटरवर १०,००० झाले तेव्हा गाडी खरी १०,७५० च्या पुढे पळालेली असते.

*घासणं.* सरळ उभ्या गाडीत टायर बसला म्हणजे बसला असं नसतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून, एक चाक खड्ड्यात आणि दुसरं उंचावर अशा स्थितीत टायर पुढच्या बंपरच्या प्लॅस्टिकला, चाकाच्या कमानीच्या आतल्या अस्तराला किंवा आतल्या दांड्याला घासतो का, ते बघावं लागतं. दुकानाच्या फरशीवर हे कळत नाही. घासलं की अस्तर कापा, मग किट घाला, मग स्पेसर लावा, असा खर्च वाढत जातो. चाक बाहेर काढण्यासाठी स्पेसर किंवा कमी ऑफसेटचे रिम घातले की चाकाच्या बेअरिंगवर आणि स्टिअरिंगच्या जोडांवर भार वाढतो, शिवाय चिखल-खडी थेट दारावर आणि मागच्यावर उडते.

*पाचवा टायर.* थारसारख्या गाडीत स्टेपनी मागच्या दारावर असते. जड टायर तिथे टांगला की बिजागऱ्यांवर ताण येतो. म्हणून काही जण स्टेपनी जुन्याच मापाची ठेवतात. फोर बाय फोरमध्ये हे चालत नाही. फोर-हाय किंवा फोर-लो टाकल्यावर पुढचा आणि मागचा अॅक्सल एकत्र बांधले जातात. चार चाकांत एक लहान असेल तर ट्रान्स्फर केसवर ताण साठतो आणि गिअर-दांड्या तुटेपर्यंत जाऊ शकतं. मोठे टायर घ्यायचे तर पाच घ्यायचे, हे आधीच बजेटमध्ये धरा.

माप नको, नक्षी बदला

मोठ्या टायरच्या चर्चेत एक मधला मार्ग नेहमी मागे पडतो. माप कंपनीचंच ठेवायचं आणि टायरचा प्रकार बदलायचा.

टायरच्या भिंतीवर किंवा नावात एच/टी, ए/टी, एम/टी अशी अक्षरं असतात. एच/टी म्हणजे हायवेसाठी. डांबरावर शांत, ब्रेकला चांगला, चिखलात लगेच भरतो. एम/टी म्हणजे चिखलासाठी. मोठमोठे ठोकळे, मधे रुंद चर, चिखल बाहेर फेकतो. पण डांबरावर भुंग्यासारखा आवाज करतो, लवकर झिजतो, आणि ओल्या डांबरावर त्याची पकड एच/टी पेक्षा कमी असते, कारण ठोकळ्यांच्या मधल्या जागेत रबर रस्त्याला टेकतच नाही. ए/टी या दोघांच्या मधला.

आपल्याकडचा पाऊस लक्षात घेतला तर शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. चोर्ला, अनमोड किंवा आंबोलीच्या रस्त्यावर जून ते सप्टेंबर डांबर सतत ओलं असतं, वळणावर शेवाळ आणि वाहून आलेली माती असते. त्यात एम/टी टायर घालून नेहमीच्या वेगाने वळण घेणं धोक्याचं. ज्याची गाडी महिन्यातून एकदा चिखलात आणि रोज घाटात असते, त्याला एम/टी शोभेलही, पण उपयोगी पडणार नाही.

कंपनीच्याच मापात चांगला ए/टी घातला तर मीटर बरोबर राहतो, ब्रेक-गिअरचा हिशेब बदलत नाही, काही घासत नाही, आणि शेतवाटेवर, लाल मातीत, खडीवर गाडीची पकड स्पष्ट सुधारते. बहुतेक लोकांना मोठ्या टायरमध्ये जे हवं असतं त्यातलं बरंचसं इथेच मिळतं. थारच्या वरच्या प्रकारात कंपनीच ए/टी देत आली आहे, त्यामुळे तिथे टायर झिजेपर्यंत बदलायची घाईसुद्धा नाही.

रुंद की उंच? माती बघून ठरवा

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हा समज सगळ्या जमिनींना लागू नाही.

जांभ्या दगडाच्या भागात, म्हणजे खानापूरच्या पश्चिमेला, चंदगडकडे आणि खाली गोवा-सिंधुदुर्गात, वरचा थर निसरडा आणि खाली कडक जमीन असते. तिथे अरुंद टायर चिखल कापून खाली टेकतो आणि पकड घेतो. जुन्या विलीज जीपचे टायर ६.००-१६ असे अगदी सडपातळ होते आणि ती जीप कुठे कुठे गेली ते सांगायला नको. आजच्या जिम्नीचे १९५/८० आर १५ हेही त्याच वळणाचे.

बैलहोंगल, सौंदत्तीकडची किंवा तिकडे माळव्यातली काळी माती निराळी. ती नक्षीत भरून बसते, टायर गुळगुळीत गोळा होतो आणि मग कितीही महाग टायर असला तरी फिरतच राहतो. तिथे रुंद चर असलेली, स्वतःला साफ करणारी नक्षी रुंदीपेक्षा जास्त कामाची. खरा उपाय म्हणजे पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात दोन दिवस गाडी न घालणं.

वाळूत मात्र रुंद आणि लांब टेका हवा, पण तो टायर न बदलताही मिळतो. हवा कमी करून. नेहमीच्या ३०-३२ पीएसआयवरून १८-२० पर्यंत आणली की टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगते. वेग अगदी कमी ठेवायचा, झटक्याने वळायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. आणि डांबरावर येण्याआधी हवा परत भरायचीच. कमी हवेवर वेगात पळवलेला टायर तापून फुटतो. सिगारेट-सॉकेटला लागणारा छोटा कंप्रेसर आणि एक चांगला गेज, हा मोठ्या टायरच्या मानाने अगदी किरकोळ खर्च, आणि उपयोग दरवेळी.

एक आठवण : गोव्याच्या किनाऱ्यांवर गाडी नेणं हा गुन्हा आहे आणि तिथे पोलीस कारवाई करतात. भीमगड आणि म्हादई ही अभयारण्यं आहेत. तिथल्या जंगलवाटांवर परवानगीशिवाय गाडी घालता येत नाही, टायर कोणताही असो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. त्यामुळे केए-२२ असो, एमएच-०७ असो, जीए असो की एमपी-०९, मूळ नियम एकच.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. नियमांत न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

याचा अर्थ टायर बदलणंच गुन्हा, असा नाही. झिजलेल्या टायरच्या जागी त्याच मापाचा दुसऱ्या कंपनीचा टायर घालण्यात काहीच अडचण नाही. उत्पादकाने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला जे माप दिलं आहे ते घेतलं तर आपली बाजू भक्कम राहते. एएक्स थारला एलएक्सचे रिम-टायर घातले तर उंचीत दोन टक्क्यांहूनही कमी फरक पडतो. तरी ड्रायव्हरच्या दाराजवळचा स्टिकर आणि गाडीचं पुस्तक बघून, सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्यावं. त्यापलीकडचं माप, स्पेसर, उचलण्याचं किट, कमानीबाहेर आलेली चाकं यांत प्रश्न निर्माण होतो. रस्त्यावर कोणी अडवेल की नाही हा नशिबाचा भाग झाला. अडवलं तर उत्तर नसतं, हा कायद्याचा.

मालवाहू पिकअपवाल्यांनी जास्तच जपावं. पिवळ्या पाटीच्या गाडीच्या नोंदणीत टायरचा तपशीलही येतो, आणि फिटनेसला गाडी दरवेळी तपासली जाते. तिथे अडकलं तर गाडी उभी राहते आणि रोजची भाडी बुडतात.

नक्षीची खोली चारचाकीला किमान १.६ मिमी असावी लागते. चरांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. टायरवर आयएसआय चिन्ह हवं. बाहेरून "सेटिंगने" आणलेल्या, चिन्ह नसलेल्या टायरच्या नादी लागू नका.

विमा आणि वॉरंटी

इथे खरं नुकसान होऊ शकतं, आणि ते दंडापेक्षा कितीतरी मोठं असतं. गाडीतला बदल विमा कंपनीला कळवणं मालकाची जबाबदारी आहे. न कळवता माप बदललं आणि अपघात झाला, तर सर्व्हेअर पहिल्यांदा चाकंच बघतो. बदलाचा अपघाताशी संबंध होता की नव्हता यावर मग वाद, पत्रव्यवहार, ग्राहक मंच, आणि तोवर गाडी गॅरेजमध्ये. म्हणून बदल करण्याआधी विमा कंपनीला ईमेल करा, उत्तर लेखी घ्या आणि पॉलिसीवर नोंद करून मागा. "चालतंय हो" असं एजंटने फोनवर सांगितलं, याला पुरावा म्हणत नाहीत.

वॉरंटीचंही तसंच. टायर बदलले म्हणून इंजिनाची वॉरंटी आपोआप जात नाही, पण चाकाचं बेअरिंग, स्टिअरिंगचे जोड, अॅक्सल, क्लच यांतलं काही गेलं तर कंपनी मोठ्या टायरकडे बोट दाखवणार.

भार आणि वेगाचे आकडे विसरू नका

मापाच्या शेजारी ११२ एस असं काहीतरी लिहिलेलं असतं. आकडा म्हणजे एका टायरची भार पेलण्याची क्षमता, अक्षर म्हणजे कमाल वेग. नेहमी लागणारे आकडे असे :

- १०४ : ९०० किलो
- १०९ : १,०३० किलो
- ११२ : १,१२० किलो
- ११६ : १,२५० किलो
- क्यू : ताशी १६० किमी
- एस : ताशी १८० किमी
- टी : ताशी १९० किमी

नवीन टायरचा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा कमी कधीच नसावा. पिकअपमध्ये उसाचं बेणं, सिमेंट, काजूची पोती भरणाऱ्यांनी तर हे आधी बघावं आणि दिसणं नंतर.

मापाआधी एलटी लिहिलेले टायर जाड भिंतीचे, हलक्या ट्रकसाठी बनवलेले असतात. दगडांत ते टिकतात, पण जड असतात. शिवाय त्यांची पूर्ण क्षमता जास्त हवेवर मिळते. दारावरच्या स्टिकरवरची हवा साध्या टायरसाठी असते. एलटी टायरमध्ये तेवढीच भरून गाडी लादली तर तो कमी हवेवर चालल्यासारखा तापतो. त्यामुळे एलटी घेतले तर हवा किती ठेवायची ते टायर कंपनीच्या भार-तक्त्यावरून ठरवून घ्या.

मग कोणी काय घ्यावं?

रोज शहर, आठवड्याला घाट, कधीतरी शेतावर : कंपनीचंच माप. झिजल्यावर त्याच मापात ए/टी.

घर किंवा बागायत कच्च्या रस्त्यावर, पावसात रोज ये-जा : कंपनीचं माप, ए/टी, शक्य तिथे लहान रिम आणि उंच भिंत. सोबत कंप्रेसर आणि ओढायचा पट्टा.

भाड्याची पिकअप : फक्त नोंदणीतलंच माप, भाराचा आकडा तोच किंवा जास्त.

ट्रेलवर नियमित जाणारे : तीन टक्क्यांच्या आत राहून, उत्पादकाच्या प्रकारांतलं सगळ्यात मोठं माप, चांगला ए/टी. त्यापुढे जायचं तर गिअर, ब्रेक, विमा, पासिंग हे सगळं अंगावर घेण्याची तयारी हवी. काही जण त्यासाठी वेगळी गाडी ठेवतात आणि ती ट्रेलवर दुसऱ्या वाहनावरून नेतात. परवडत असेल तर तो सरळ मार्ग.

घेताना आणि घातल्यावर

टायरच्या भिंतीवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. पाचही टायर जवळपासच्या आठवड्यांचे मागा. सवलतीत मिळणारा टायर दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला नाही ना, ते बघा.

बिलावर माप, भाराचा आकडा आणि बनल्याचा आठवडा लिहून घ्या. व्हॉल्व्ह नवीन घाला. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट दोन्ही करून घ्या.

मग गाडी भरून, माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून रिकाम्या मैदानावर फिरवा. आवाज आला तर परत दुकानात. मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघून काट्याशी ताडून बघा आणि फरक लक्षात ठेवा.

८०-१०० किलोमीटर झाल्यावर सगळे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घ्या. नुसता पायाने पाना दाबून नट आवळणाऱ्याला थांबवा, कारण त्याने बोल्ट ताणले जातात. दर ८-१० हजार किलोमीटरला टायर आलटून-पालटून लावा, स्टेपनीसकट. म्हणजे पाचही सारखे झिजतील आणि फोर-लो टाकायची वेळ येईल तेव्हा चारही चाकं एका मापाची असतील.